जावा १७ ची परीक्षा गावातून द्यायची आहे: तयारी, डम्प आणि लाईट

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलंय. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान ऑफिससाठी घरून काम करते. काम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतच आहे, पण आठव्या आवृत्तीवर अडकलेलं. पुढे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अर्ज करायचे तर हातात काहीतरी असावं म्हणून ओरॅकलची जावा एसई १७ डेव्हलपर, म्हणजे ८२९ नंबरची परीक्षा द्यायचं मनात आहे.

विचारायचंय ते असं. १७ द्यावी की सरळ २१? नोकरी सांभाळून तयारी कशी करावी? माझ्या एका मैत्रिणीने डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठवलेत, म्हणते हेच पाठ कर, दुसरं काही लागत नाही. हे कितपत खरं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, परीक्षा घरून ऑनलाइन देता येते म्हणतात. आमच्याकडे श्रावणात लाईट किती असते ते कोकणातल्यांना सांगायला नको. गणपतीच्या आसपासची तारीख घेऊ का?

सेमीकोलनकाका

धागा काढलात ते बरं केलंत. मी सन मायक्रोसिस्टिम्सच्या, म्हणजे जावा बनवणाऱ्या मूळ कंपनीच्या काळातला, तेव्हा या परीक्षेला एससीजेपी म्हणायचे. २०१० मध्ये ओरॅकलने ती कंपनी घेतली आणि नावं बदलत गेली. आठव्या आवृत्तीपर्यंत दोन पायऱ्या होत्या, आधी ८०८ आणि मग ८०९. अकरालाही सुरुवातीला दोन होत्या, २०२० मध्ये त्या मोडून एकच ८१९ केली. तेव्हापासून एकच परीक्षा आणि एकाच दमात सगळं. त्यामुळे जुन्या लोकांचे 'आधी सोपी दे, मग कठीण' हे सल्ले आता लागू नाहीत.

१७ आणि २१ मधला फरक वेळेपासून सुरू होतो. दोन्हीकडे ५० प्रश्न आणि दोन्हीकडे पास व्हायला ६८ टक्के, म्हणजे ३४ बरोबर यायला हवेत. पण १७ ला ९० मिनिटं आणि २१ ला १२०. म्हणजे १७ ला एका प्रश्नाला १०८ सेकंद, २१ ला १४४. कागदावर फरक किरकोळ वाटतो, प्रत्यक्षात पंचवीस ओळींचा कोड वाचून पाच पर्याय तपासायचे असतात तेव्हा ती ३६ सेकंदं सोन्याची. फी भरायच्या आधी हे आकडे ओरॅकलच्या पानावर एकदा स्वतः बघून घ्या, ते अधूनमधून बदलतात.

२१ मध्ये जास्तीचं काय? स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग, रेकॉर्ड पॅटर्न, व्हर्च्युअल थ्रेड, सिक्वेन्स्ड कलेक्शन. उलट जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायचा भाग, २१ मधून काढलंय. तुम्ही पतसंस्थांचं काम करता म्हणजे डेटाबेस रोजचाच असणार. मग १७ मध्ये तो विषय तुम्हाला जवळजवळ फुकट पडेल. माझं मत १७.

कोथरूडचा चाकरमानी

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. मी आठवड्याला दोन-चार मुलाखती घेतो. आजवर कोणालाही सर्टिफिकेट बघून घेतलं नाही आणि नसल्यामुळे नाकारलंही नाही. समोरचा माणूस बग कसा शोधतो ते मी बघतो. फी काही थोडी नाही. त्या पैशांत सेकंडहँड मॉनिटर घ्या आणि एखादा प्रकल्प उभा करून दाखवा.

फळा आणि खडू

चाकरमानीसाहेब, तुमच्यासमोर जो मुलाखतीला येतो तो आधी कुठल्यातरी चाळणीतून आलेला असतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका कॉलेजात शिकवतो. आमच्या मुलांचे अर्ज त्या चाळणीतच अडकतात. कॉलेजचं नाव कोणी ऐकलेलं नसतं, कॅम्पसला मोठी कंपनी फिरकत नाही. अर्ज उघडणारी एचआरमधली व्यक्ती कोड वाचत नाही, शब्द शोधते. तिथे एक ओळ उपयोगी पडते. नोकरी ती ओळ देत नाही, फोन येतो एवढंच.

आणि दुसरं म्हणजे, नीट केली तर ही तयारी मुलांना भाषेच्या अशा कोपऱ्यांत नेते जिथे ती एरवी कधी गेली नसती.

कोथरूडचा चाकरमानी

'नीट केली तर' यातच सगळं आलं, मास्तर. पाठ करून आलेले मला रोज भेटतात. बाकी चाळणीचा मुद्दा मान्य.

वेंगुर्ल्याचो

अगो बाय, गणपतीत परीक्षा ठेव नको! घरात चाकरमानी इले काय तुका बसाक कोपरो गावाचो नाय. माझ्या चुलत भावान शिमग्यात ठेवल्यान. हो खोलयेत कॅमेऱ्यासमोर आणि पालखी दारात. ढोल वाजाक लागले तसो तो पर्यवेक्षक इचारता, हो आवाज कसलो? आता देव घराक इलो हा, ह्या इंग्रजीत कसा सांगतलो?

खाडीपलीकडची

@वेंगुर्ल्याचो, हसून पुरेवाट झाली. गणपती रद्द. आमच्याकडे त्या दिवसांत माणसांची मोजदाद नसते, माजघरात पाय ठेवायला जागा नसते.

@सेमीकोलनकाका, जेडीबीसीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. १७ नक्की. डम्पबद्दल कोणी बोललं नाही पण.

सेमीकोलनकाका

डम्पला हात लावू नका. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असं कबूल करावं लागतं. ते मोडून बाहेर आलेला माल म्हणजे डम्प. ओरॅकलला गैरप्रकार दिसला तर मिळालेलं सर्टिफिकेटही काढून घेता येतं. हे झालं नियमाचं. व्यवहाराचं सांगायचं तर त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात, कारण ती भरणारा तुमच्याइतकाच घाईत असतो. तुम्ही चुकीचं उत्तर घोटून पाठ करता आणि परीक्षेत त्याच कोडमध्ये एक शब्द बदललेला असतो.

सराव पेपर वेगळे आणि डम्प वेगळे, ही गल्लत करू नका. एन्थुवेअरसारखे विकतचे सराव संच आहेत. त्यातले प्रश्न त्यांनी स्वतः तयार केलेले असतात आणि प्रत्येक उत्तरामागे कारण दिलेलं असतं. ते बिनधास्त वापरा. कारण वाचायचा कंटाळा करू नका, पैसे त्या कारणाचेच असतात.

फळा आणि खडू

आता तयारीबद्दल. मी मुलांना सांगतो की ही परीक्षा कोड लिहिण्याची नाही, वाचण्याची आहे. बाजारात आपण मासा कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही, तशी प्रत्येक ओळ उघडून बघायची. ओळ कंपाइल होते का, म्हणजे कंपायलर ती मुळात स्वीकारतो का, हा पहिला प्रश्न. चालताना एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकते का, हा दुसरा. छापते काय, हा तिसरा. बहुतेक मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि 'कोड कंपाइल होत नाही' हा पर्याय डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

एक नमुना देतो. इथे कोड देवनागरीतच लिहितो, समजून घ्या. इंटिजर प्रकारची दोन व्हेरिएबल घेतली, म्हणजे मोठ्या आयचा क्लास, साधा इंट नव्हे. दोन्हींत १२७ टाकलं आणि == ने तुलना केली तर उत्तर ट्रू. दोन्हींत १२८ टाकलं की फॉल्स. कारण −१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा आधीच तयार करून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा हातात देते. त्यापुढे ऑटोबॉक्सिंगमध्ये, म्हणजे साध्या इंटचा आपोआप ऑब्जेक्ट होताना, नवा ऑब्जेक्ट येतो आणि == तर ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघतं. किंमत बघणारं इक्वल्स वापरलं असतं तर दोन्ही वेळा ट्रू. एकदा कारण कळलं की १००, १२७, १२८, २०० काहीही येऊ दे. डम्पवाल्याला फक्त १२८ पाठ असतं.

दुसरा नमुना छोटा. वाइलच्या कंसात थेट फॉल्स लिहिलं तर कंपायलर आतल्या ओळींना 'इथे कधीच पोहोचता येणार नाही' म्हणून अडवतो. इफच्या कंसात फॉल्स लिहिलं तर मुकाट्याने चालू देतो. दोन्हीकडे आतला कोड कधीच चालणार नाही, तरी एकाला दंड आणि दुसऱ्याला माफी.

रातकिडा

मास्तरांना +१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

त्यात माझी एक भर. सरावाला लोक जेशेल वापरतात, जावा ९ पासून ते सोबतच येतं. दोन ओळी टाकल्या की लगेच उत्तर, फार सोयीचं. पण जेशेल लाड करतं. ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला तरी चालवून घेतं, नेहमीची पॅकेजेस आपणहून इम्पोर्ट करून ठेवतं, आणि नुसत्या ओळीत चेक्ड एक्सेप्शन पकडलं नाही तरी कुरकुरत नाही. परीक्षेत नेमकं हेच विचारतात. त्यामुळे आउटपुट बघायला जेशेल ठीक. 'कंपाइल होईल का' अशा प्रश्नांना साधा नोटपॅड आणि जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर. आयडीई, म्हणजे चुका दाखवणारा कोड एडिटर, तर नकोच, ती तांबडी रेघ मारून उत्तर आधीच फोडते.

शिस्त एवढीच की आधी उत्तर वहीत लिहायचं आणि मगच चालवायचं. चालवून बघून 'हो, मला हेच वाटलं होतं' म्हणायची सवय फार वाईट.

खाडीपलीकडची

हे सोनं आहे सगळं. रोज पहाटे थोडा वेळ आणि रात्री जेवणं आटपल्यावर थोडा, असं बसवलंय. लॅम्बडा आणि स्ट्रीम ऑफिसच्या कामात येतात त्यामुळे जड गेले नाहीत. सील्ड क्लास पहिल्यांदाच बघितले.

अडलेय ते तारीख आणि वेळेवर. पीरियड आणि ड्युरेशन दोन्हींनी एक दिवस वाढवता येतो, मग दोन कशाला? आणि सराव पेपरात न्यूयॉर्कची वेळ आली की माझं उत्तर हमखास एका तासाने चुकतं.

फळा आणि खडू

ताई, हा प्रश्न आपल्याकडच्या सगळ्यांना छळतो, कारण आपलं घड्याळ वर्षभर साडेपाच तासांवर स्थिर. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात.

आता हे घ्या. न्यूयॉर्कची १२ मार्च २०२२, सकाळचे दहा. त्यात पीरियडचा एक दिवस मिळवला की १३ मार्च, सकाळचे दहा. पीरियड कॅलेंडरचं पान उलटतो, घड्याळाकडे बघत नाही. त्याच वेळेत ड्युरेशनचा एक दिवस मिळवला तर १३ मार्च, सकाळचे अकरा. ड्युरेशन मोजून २४ तास पुढे जातो आणि त्या रात्रीतला एक तास अस्तित्वातच नसतो. तुमचा तास इथे हरवतोय. त्याच पहाटेची अडीचची वेळ बनवायला गेलात तर जावा एरर देत नाही, साडेतीन करून हातात ठेवते.

ही गंमत फक्त झोन असलेल्या वेळेत. लोकल डेट-टाइमला झोनच ठाऊक नाही, तिथे दोघांचं उत्तर सारखं. आणि नुसत्या लोकल डेटमध्ये ड्युरेशन मिळवायला गेलात तर एक्सेप्शन, कारण तारखेला तास-मिनिटं पेलत नाहीत.

सेमीकोलनकाका

अवांतर: आपलंही घड्याळ एकदा हललं होतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारतात वेळ एक तास पुढे ठेवली होती. जावाच्या टाइमझोनच्या तक्त्यात एशिया/कोलकाता उघडून बघा, त्या वर्षांत साडेसहा दिसेल. परीक्षेत नाही येणार, पण बघून मजा वाटते.

चिपळूणची सूनबाई

मी मागे दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा घरूनच दिली होती, म्हणून तयारीच्या दुसऱ्या बाजूचं लिहिते.

पहिलं नाव. ओळखपत्रावरचं आणि परीक्षेच्या खात्यावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, लग्न झालेल्यांचं तर आणखी निराळं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, खात्यावर सासरचं. हे आधीच लक्षात आलं म्हणून खात्यावरचं बदलून घेतलं. हे काम परीक्षेच्या आठवड्यात काढू नका, ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो.

मग खोली. सुरुवातीला कॅमेरा फिरवून चारी भिंती, टेबल, टेबलाखालची जागा दाखवावी लागते. भिंतीवरचं कालनिर्णयसुद्धा काढायला सांगितलं मला. दुसरा मॉनिटर, घड्याळ, फोन काही जवळ नको. मध्येच कोणी आत आलं की परीक्षा बंद होऊ शकते. आमच्या सासूबाई भर परीक्षेत चहा घेऊन येण्याच्या बेतात होत्या, दिरांनी दारात अडवलं. घरातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी समजावून सांगा, आणि दाराला कडी घाला.

तिसरं, पुटपुटू नका. मला कोड ओठांनी वाचायची सवय, दहाव्या मिनिटाला ताकीद आली. सरावाच्या वेळीच तोंड मिटून वाचायला शिका. टेबलावर कागद-पेन चालणार नाही असं धरूनच सराव करा, लूप डोक्यात फिरवता यायला हवा.

माडबन

लाईटचं मी सांगतो. मी समुद्राला अगदी लागून राहतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते, तेव्हापासून घरात इन्व्हर्टर हा देवघराइतकाच आवश्यक. पण इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो आणि राउटर भलत्याच बोर्डवर असतो, हे लाईट गेल्यावर कळतं. राउटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या. फायबर असला तरी झाड पडून केबल तुटते, म्हणून फोनचा हॉटस्पॉट जोडून बघून ठेवा, आणि ज्या खोलीत बसणार त्या खोलीतच बघा. आमच्या घरी ओटीवर चार दांड्या आणि आतल्या खोलीत शून्य.

पत्र्याची पडवी असेल तर तिथे बसूच नका. जोराचा पाऊस आला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पर्यवेक्षकाच्या कानात काय जाईल विचार करा.

ऑफिसचा लॅपटॉपही नको. त्यातली सुरक्षेची सॉफ्टवेअरं परीक्षेच्या ब्राउझरशी भांडतात. घरचा वापरा, आधी सिस्टम चेक करून घ्या, आणि तो चेक परीक्षेच्या वेळेलाच करा. सकाळी नेट पळतं आणि रात्री सगळं गाव क्रिकेट बघत बसलेलं असतं.

कोथरूडचा चाकरमानी

एवढ्या उचापती करण्यापेक्षा पुण्यात या, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. बायको-मुलांसकट निमंत्रण. खवचटपणे नाही म्हणत, खरंच.

खाडीपलीकडची

@चाकरमानी, आभार! पण कणकवलीला मामा आहेत. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, मागची खोली बंद करता येते आणि मामी कडक आहेत, कोणाला आत सोडणार नाहीत. पाऊस ओसरल्यावरची तारीख घेतलीय, दिवाळीच्या आधीची, वेळ सकाळची.

एक शेवटची शंका. मोड्यूलमध्ये 'ऑटोमॅटिक' आणि 'अननेम्ड' याचा माझ्या डोक्यात पार काला झालाय.

रातकिडा

जार, म्हणजे जावा कोडची बांधलेली फाईल, कुठे ठेवला ते बघ, बाकी काही बघू नको. क्लासपाथवर ठेवलेला प्रत्येक जार अननेम्डमध्ये जातो, आत मोड्यूल-इन्फो (मोड्यूलचं वर्णन करणारी फाईल) असली तरी. मोड्यूलपाथवर ठेवला आणि आत मोड्यूल-इन्फो नाही, तर तो ऑटोमॅटिक. दोन्ही आहेत तर रीतसर नाव असलेला मोड्यूल. नाव असलेला मोड्यूल अननेम्डला रिक्वायर करू शकत नाही, कारण रिक्वायर करायला नाव लागतं आणि त्याला ते नाहीच. ऑटोमॅटिकला करू शकतो, त्याचं नाव जारच्या मॅनिफेस्टवरून किंवा फाईलच्या नावावरून ठरतं. यापलीकडे जेडेप्स आणि जेलिंक ही अवजारं कशासाठी असतात ते माहीत असू दे. यावर जास्त वेळ घालवू नको, तो स्ट्रीम आणि क्लासेसवर घाल.

फळा आणि खडू

जाता जाता आणखी दोन. प्रश्नातल्या कोडमध्ये इम्पोर्टच्या ओळी दिसल्या नाहीत तर त्या आहेत असं धरायचं, प्रश्नच इम्पोर्टबद्दल असेल तर गोष्ट वेगळी. नवखी मुलं 'इम्पोर्ट नाही, म्हणजे कंपाइल होणार नाही' म्हणून फसतात. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. 'दोन पर्याय निवडा' असेल तिथे दोन्ही बरोबर आले तरच गुण, एकाचा अर्धा मिळत नाही.

खाडीपलीकडची

मंडळी, पास! ७४ टक्के.

प्रश्न सांगता येणार नाहीत, तसं कबूल करूनच बसलेय. अनुभव सांगते. माझ्या पेपरात क्लास, रेकॉर्ड, सील्ड, इंटरफेस यांचा भरणा होता, त्याखालोखाल स्ट्रीम आणि कलेक्शन. जेडीबीसीला काकांनी म्हटल्याप्रमाणे डोकं खाजवावं लागलं नाही. थ्रेडच्या प्रश्नांना मात्र घाम फुटला. एक्झिक्युटर आणि लॉकचा सराव वाढवायला हवा होता, निकालाच्या पानावर कुठले विषय चुकले त्याची यादी येते, त्यात तोच वर दिसतोय.

वेळेचं गणित काकांचं बरोबर. सुरुवातीला काही प्रश्न लांबलचक आले, तेव्हा ठरवलं की दोनदा वाचून उलगडलं नाही तर अंदाजाने एक पर्याय ठेवायचा, खूण करायची आणि पुढे जायचं. शेवटी खुणा केलेल्यांकडे परत जायला थोडा वेळ उरला. त्यात एक ट्राय-विथ-रिसोर्सेसचा होता, त्या धर्तीचं सरावात खूप केलं होतं म्हणून सुटला. कोणाला हवं असेल तर नियम असा: जे रिसोर्स आधी उघडलं ते शेवटी बंद होतं, आणि सगळी बंद झाल्यावरच कॅच आणि फायनली चालतात. लोक कॅच आधी धरतात आणि तिथेच क्रम बिघडतो. रेकॉर्डचंही एक सांगते, कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये धिस-डॉट करून फील्डला किंमत द्यायला गेलात तर कंपाइल होत नाही, पॅरामीटर बदलायचा, पुढचं जावा बघते.

लाईट एकदा गेली! राउटर यूपीएसवर होता म्हणून कळलंसुद्धा नाही, फक्त पंखा मंद झाला. @माडबन, तुमचे उपकार. मामींनी दाराबाहेर खुर्ची टाकून पहारा दिला, गॅसवाल्यालाही परत पाठवलं.

वेंगुर्ल्याचो

शाब्बास गो! पेढे खंय आसत?

सेमीकोलनकाका

अभिनंदन. ७४ म्हणजे ३७ बरोबर, तीनची उशी घेऊन पास झालात. अर्जावर टक्के लिहू नका, कोणी विचारत नाही. सर्टिफिकेटची पडताळणी करता येईल अशी लिंक मात्र द्या.

कोथरूडचा चाकरमानी

अभिनंदन! अर्ज मलाही पाठवा. मुलाखतीत बगच शोधायला देणार, सांगून ठेवतो.

दापोली_बीसीए

ताई अभिनंदन. मी दुसऱ्या वर्षाला आहे. जावा याच सत्रात सुरू झालं, सध्या ॲरेपर्यंत आलोय. मी पण आत्ताच देऊ का? वर्गातले दोघे फी भरायला तयार आहेत.

फळा आणि खडू

बाळा, थांब. ८२९ कामाचा अनुभव असलेल्यांना समोर ठेवून काढलेली आहे. ओरॅकलची जावा फाउंडेशन्स नावाची प्राथमिक परीक्षा आहे, फारच घाई असेल तर तिचा अभ्यासक्रम बघ. पण तुझ्या जागी मी असतो तर हे सत्र पूर्ण करून सुट्टीत एक खरं काम हातात घेतलं असतं. गावातल्या आंबा बागायतदाराचा पेट्यांचा हिशेब, बंदरावरच्या लिलावाची नोंद, काहीही. त्यात फाईल, तारीख, कलेक्शन, एक्सेप्शन सगळं आपोआप येतं. तिसऱ्या वर्षी या धाग्यावर परत ये. आणि वर्गातल्या त्या दोघांना सांग, ओरॅकलच्या नियमाप्रमाणे नापास झाल्यावर पुन्हा बसायला १४ दिवस थांबावं लागतं. फी भरायच्या आधी एक पूर्ण सराव पेपर घड्याळ लावून सोडवा. पन्नासात वीसही आले नाहीत तर पैसे बँकेतच राहू देत.

दापोली_बीसीए

सर, पेट्यांचा हिशेब आमच्या घरीच आहे, बाबा वहीत लिहितात. तोच घेतो. ताई, तुमच्या तारीख-वेळेच्या टिपणांचे फोटो मिळतील का?

खाडीपलीकडची

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. अक्षर वाईट आहे, न्यूयॉर्कचं उदाहरण दुसऱ्या पानावर खाली आहे.